कुरडयांना येणारी हिराबाई

आमच्या घरी उन्हाळा यायचा तो आंबूस वासानं. आई तीन दिवस गहू भिजत घालायची, रोज पाणी बदलायची, आणि त्या गव्हांचा वास आमच्या दोन खोल्यांत असा भरून राहायचा की अण्णा कंपनीतून आले की दारातच नाक मुरडून म्हणायचे, "आलं वाटतं कुरडयांचं." नाक मुरडणं सगळं नाटक, कारण घरात कुरडयांवर खरा जीव त्यांचाच. चिंचवडला रुळांपलीकडे कामगारांच्या बैठ्या घरांची वसाहत होती, तिच्यातलं शेवटून दुसरं घर आमचं. पुढे ओटा, चार घरांत मिळून एक नळ, मागे शेवग्याचं झाड. अण्णा एका मोठ्या कंपनीत फिटर होते. दोघं मूळचे लातूरकडचे. लग्नानंतर नोकरीपायी इकडे आले आणि इकडचेच झाले, पण बोलणं आणि जेवण मात्र शेवटपर्यंत तिकडचंच ठेवलं. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि शेंगदाण्याची चटणी एवढं ताटात असलं की अण्णांना दुसरं काही नको असायचं. सकाळचा भोंगा झाला की आमच्या ओट्यासमोरून सायकलींची रांग जायची आणि दुपारचा भोंगा झाला की तीच रांग घंट्या वाजवत परत यायची. मी घड्याळ बघायला फार उशिरा शिकले, कारण त्याची गरजच पडली नाही.

मी एकुलती एक होते. वसाहतीत ही नवलाची गोष्ट होती, तिथं एकेका घरात चार-पाच पोरं असायची. शेजारच्या शांताकाकू मला "नवसाची" म्हणायच्या. आईला लग्नानंतर खूप वर्षांनी मूल झालं, एवढंच त्यांना माहीत होतं, आणि मलाही तेवढंच. नवसाची असल्यामुळे मला दर दिवाळीला दोन फ्रॉक मिळायचे, आणि पावसात भिजले तर मार मिळायचा. आईचा माझ्यावर जीव होता हे सांगायलाच नको, पण त्या जीवात एक धास्ती असायची. कुणी अनोळखी बाई माझ्याकडे टक लावून बघायला लागली तर आई मला हाताला धरून घरात न्यायची. मला वाटायचं सगळ्यांच्याच आया असं करतात.

गहू भिजून तिसरा दिवस झाला की हिराबाई यायची. चाकणच्या बाजूला तिचं सासर, खेडेगावात. ती एसटीनं यायची, फाट्यावर उतरायची आणि तिथून चालत. उंच, सावळी, डोक्यावर घट्ट पदर, काखेत एक बोचकं. त्या बोचक्यात पळसाच्या पानांत बांधलेली करवंदं ठरलेली. ओट्यावर पाय ठेवायच्या आधीच ती हाक मारायची, "ताई हायेत का घरात?" ही ताई म्हणजे मी. माझ्याहून ती दहा-अकरा वर्षांनी मोठी होती, पण घरकामाला येणाऱ्या बाया घरच्या मुलीला ताईच म्हणतात, त्यामुळे त्यात मला कधी काही वावगं वाटलं नाही. मी तिला हिराबाई म्हणायची आणि तिच्या बोचक्यावर झडप घालायची.

मग चार दिवस घर कुरडयांचं असायचं. गहू पाट्यावर वाटायचे, फडक्यातून गाळायचे, निवळलं की वरचं पाणी ओतून द्यायचं आणि खाली राहिलेला पांढराशुभ्र चीक मोठ्या पातेल्यात शिजवायचा. हा चीक ढवळायला ताकद लागते. हिराबाई पाय रोवून उभी राहायची, दोन्ही हातांनी लाटणं फिरवायची, आणि चीक बुडबुडे सोडत 'फद् फद्' आवाज करायला लागला की आई त्यात हिंग टाकायची. आईला आणि अण्णांना चीक तेल-तिखट घालून लागायचा, मला दूध-साखर घालून. पहिली वाटी हिराबाई माझी काढायची. फुंकर घालून, कडेनं बोट लावून पुरेसा निवला का बघायची, आणि मी खाऊन संपवेपर्यंत समोर बसून राहायची. मी मोठी झाल्यावरही तिनं फुंकर घालायचं सोडलं नाही. त्यानंतर ओट्यावरच्या बाजेवर जुनं धोतर पसरायचं आणि सोऱ्यानं गरम चिकाची वेटोळी घालायची. दुपारी कुरडया वाळत असताना ती मला पुढ्यात बसवून वेणी घालायची आणि म्हणायची, "ताई, कायतरी वाचून दावा की." तिला अक्षर येत नव्हतं. मी हातात येईल ते पुस्तक वाचायची, कधी भूगोल, कधी नागरिकशास्त्र. ती वेणीचे पेड हातात धरून ऐकत राहायची. मग आतून आईचा आवाज यायचा, "हिरे, काय करायलीस? चीक लागायलाय बघ खाली." त्या चार दिवसांत आई जरा चिडचिडी व्हायची. आम्हा दोघींना फार वेळ एकटं सोडायची नाही, काहीतरी निमित्त काढून येऊन बसायची. मला वाटायचं कामाचा शीण असेल.

आता मी पिंपळे सौदागरला लेकाच्या घरी नवव्या मजल्यावर राहते. कुरडया पाकिटातून येतात, सून प्रेमानं तळून देते, आणि त्या चांगल्या असतात. पण चीक कसा असतो हे माझ्या नातीला सांगता सांगता माझी दमछाक झाली. शेवटी ती म्हणाली, "आजी, म्हणजे खीर का?" मी हो म्हटलं.

शाळेची शेवटची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात आईनं नेहमीसारखे गहू भिजवले. तिसरा दिवस गेला. चौथा गेला. हिराबाई आली नाही. आई पाणी बदलत राहिली, पण तिचं लक्ष रस्त्याकडे होतं. गव्हांचा वास आंबूसचा आंबट झाला, आणि आंबटचा उग्र. "आपणच वाटू या की," मी म्हटलं तर ती अंगावर आली, "गप बस. येईल ती."

पाचव्या दिवशी दुपारी आई ओट्यावर तांदूळ पाखडत होती आणि मी उंबऱ्यात बसले होते, तेव्हा एक तरुण माणूस येऊन समोर उभा राहिला. अंगात मळका सदरा, पायात टायरच्या चपला, तोंड उन्हानं रापलेलं. तो आईशी बोलायला आला होता, पण नजर माझ्यावर पडली आणि बोलायचंच विसरला. मीही त्याच्याकडे बघत राहिले. त्याच्या भुवया मधे जुळलेल्या होत्या. माझ्याही तशाच आहेत, आणि त्या वयात आरशात बघताना त्या मला अजिबात आवडायच्या नाहीत. हिराबाईच्याही तशाच होत्या, पण ती समोर असताना मी कधी नीट बघितलंच नव्हतं. कामाला येणाऱ्या बाईच्या भुवया कोण बघतं?

"मावशी, म्या महादू," तो म्हणाला. "हिराचा भाऊ."

आईनं सूप खाली ठेवलं. "हिरा का नाही आली?"

"तळेगावला दवाखान्यात हाय. क्षय झालाय. लई दिस अंगावर काढलं तिनं, घरात कुनाला सांगितलंच न्हाई. आता डाक्टर म्हनत्यात, काय खरं न्हाई." त्यानं डोळे पुसले. "तिनं धाडलं न्हाई मला, मावशी. ती कवाच म्हनायची न्हाई. माझा मीच आलोय. तिला येकडाव पोरगी दावा. तेवढंच मागाया आलोय."

"कुठली पोरगी?" मी विचारलं.

आई उठून उभी राहिली आणि माझ्याकडे पाठ करून, मला झाकून टाकल्यासारखी, दारात थांबली. "सुनंदा घरी नाही," ती त्याला म्हणाली.

मी, सुनंदा, तिच्या मागे हातभर अंतरावर होते. महादूनं एकदा तिच्याकडे बघितलं, तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. "बरं. नसंल तर न्हाई." एवढंच म्हणून तो ओट्यावरून उतरला. आमच्या घरून कुणी माणूस पाणी न पिता गेलेला मी तोवर बघितला नव्हता. तो नळापाशी गेला, ओंजळीनं पाणी प्यायला, तोंडावर मारलं आणि ऊन डोक्यावर घेत स्टेशनच्या वाटेला लागला.

मी आईला विचारत राहिले आणि ती तांदूळ पाखडत राहिली. तांदळात आता पाखडण्यासारखं काही उरलं नव्हतं. भोंगा झाला, सायकली आल्या, अण्णा आले. आईनं त्यांना एवढंच सांगितलं, "महादू आलता. हिरा चाललीय म्हणं." अण्णांनी बूट काढले, भिंतीशी नीट लावून ठेवले.

"सांगून टाक आता," ते म्हणाले. "नाहीतर मी सांगतो."

"तुम्ही नका सांगू," आई म्हणाली. "मी आणलंय तिला. मीच सांगते."

तिनं मला आतल्या खोलीत नेलं नाही की जवळ घेतलं नाही. तिथंच, भिजल्या गव्हांच्या पातेल्याशेजारी बसून ती बोलत गेली. या वसाहतीत यायच्या आधी ते दोघं आकुर्डीला भाड्याच्या खोलीत राहायचे. लग्नाला आठ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. समोरच्या माळावर कंपनीची नवी शेड उभी राहत होती आणि कामावरच्या मजुरांच्या झोपड्या तिथंच पडल्या होत्या. त्यातला एक माणूस मावळातला होता. त्यांचं गाव धरणात गेलं होतं, जमीन कुठंतरी लांब मिळणार होती ती अजून मिळाली नव्हती, तोवर तो मजुरीला आला होता. त्या झोपडीत त्याची बायको बाळंत झाली आणि पंधरा दिवसांच्या आत तापानं गेली. मागे तीन लेकरं राहिली. मोठी हिरा, मधला महादू, आणि मी.

"हिरा तुला काखेत घेऊन दारोदार दूध मागत फिरायची," आई म्हणाली. "अकरा वर्षांची असंल. माझ्या दारात आली, मी कपभर दूध दिलं, कापसाच्या बोळ्यानं तुला पाजलं. दुसऱ्या दिवशी ती दुसऱ्या कुणाच्या दारात गेलीच नाही, थेट माझ्याकडं आली. मग रोजच. मग तू दिवसभर माझ्याकडंच राहायला लागलीस. संध्याकाळी ती तुला न्यायला यायची तेव्हा, झोपलीय, थोड्या वेळानं ये, म्हणायची मी."

शेडचं काम संपलं, मजुरांना दुसरीकडे हलायचं होतं. तेव्हा तो बाप आला आणि म्हणाला, पोरगी तुमच्याकडेच राहू द्या, माझ्याकडे जगायची नाही. "देवाशपथ सांगते, मी त्याचीच वाट बघत होते," आई म्हणाली.

ज्या दिवशी ते निघाले त्या दिवशी सकाळी हिरा मला घेऊन रोजच्यासारखी आली. मला आईच्या मांडीवर ठेवलं. मी तिचा परकर मुठीत धरला होता, तो सोडत नव्हते. "तिनं तुझं एकेक बोट सोडवलं," आई म्हणाली. "आणि मग म्हणाली, मावशी, मी भांडी घासते, धुणं धुते, मला बी ठिवा. भाकर कमी खाईन." अण्णा दारात उभे होते, ते बाहेर बघायला लागले. "मी नाही म्हणले. अण्णा ठेवू म्हणत होते. मीच नाही म्हणले. मला वाटलं, ही राहिली तर लेकरू हिचंच राहील. माझं होणार नाही."

मग त्यांनी आकुर्डी सोडली आणि जिथं कुणी ओळखत नव्हतं अशा या वसाहतीत घर घेतलं. बाप पुढे दोन-तीन वर्षांत वारला. हिराचं चौदाव्या वर्षी चाकणकडे लग्न झालं आणि महादूला तिनं सासरी स्वतःजवळ ठेवून घेतलं. अण्णांच्या कंपनीच्या दारावर विचारत विचारत तिनं आमचं घर शोधलं. मी पाच वर्षांची असताना आईनं तिला पहिल्यांदा नळापाशी उभी असलेली पाहिलं. ती काही मागत नव्हती, बोलत नव्हती, मी खेळत होते तिकडे बघत नुसती उभी होती. आई घाबरली. पण तिला हाकलून देणंही आईला जमलं नाही. ती म्हणाली, उन्हाळ्यात ये, कुरडया करायला म्हणून ये, चार दिवस राहा. पण एक शब्द बोलायचा नाही.

"मला काय कुरडया येत नव्हत्या होय?" आई म्हणाली. "माझ्या मायनं मला लहानपणीच शिकवल्या. हिरालाच येत नव्हत्या. मीच तिला शिकवल्या."

असं काही ऐकल्यावर माणूस काय करतं, हे मला पुढे पुष्कळांनी विचारलं. मी रडले नाही. आई माझी आई नाही, असंही मला क्षणभर वाटलं नाही. ती समोर बसलेली होती, तिच्या हातांना गव्हाचा वास येत होता. मला सारखा महादू दिसत होता, नळावर ओंजळीनं पाणी पिणारा. मी एवढंच विचारलं, "माझं नाव काय होतं?" आई म्हणाली, "ठेवायला कुणाला सवड होती? हिरा तुला बाळी म्हणायची." मग मी म्हटलं, "उद्या जायचं का तळेगावला?" आणि अण्णा दारातूनच म्हणाले, "पहिल्या लोकलनं."

ते गहू आईनं संध्याकाळी शेजारच्या गोठ्यात गाईंपुढे ओतले. त्या वर्षी आमच्याकडे कुरडया झाल्या नाहीत.

लोणावळ्याकडे जाणारी सकाळची गाडी रिकामीच असायची. आईनं पहाटे उठून मऊ भात, मुगाचं वरण आणि रव्याचा शिरा केला होता. तो डबा ती मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसली होती. देहूरोड गेलं, बेगडेवाडी गेलं. तळेगावला उतरून आम्ही टांगा केला. दवाखाना गावाबाहेर होता, लांबलचक बैठी कौलारू इमारत, समोर निंबाची झाडं. बाहेरच महादू उकिडवा बसला होता. आम्हाला बघून तो धडपडत उठला. आई सरळ त्याच्यापुढे गेली आणि म्हणाली, "काल तुला पाणीसुद्धा विचारलं नाही रे मी." त्यानं तिच्या हातातला डबा घेतला.

हिराबाई खाटेवर होती. तिला ओळखायला मला वेळ लागला. चिकाचं पातेलं एकटीनं उतरवणारी बाई चादरीखाली आहे की नाही असं वाटावं इतकी खंगली होती. आम्हाला बघताच तिनं आधी पदर डोक्यावर ओढला, मग तोंडावर धरला. "लांब बसा. ताईला लांब बसवा," ती म्हणाली. "म्हून तर आले न्हाई औंदा. लेकराच्या घरात ह्यो रोग कशापायी न्यायचा?" मग तिला आईचे डोळे दिसले आणि ती एकदम घाबरली. उठून बसायला लागली. "मावशी, म्या काय बी बोलले न्हाई हो. महाद्या बोलला आसंल तर मला ठावं न्हाई. देवाची आन, म्या सबूद पाळला."

आई खाटेपाशी जमिनीवरच बसली. खाटेच्या लोखंडी कडेला तिनं कपाळ टेकवलं. "तू पाळलास गं," ती म्हणाली. "मीच सांगितलं तिला. मीच सांगितलं."

हिराबाईनं माझ्याकडे बघितलं. मला अक्का म्हणायचं होतं. गाडीत बसल्यापासून तो शब्द मी मनात घोळवत होते. पण तोंडातून आलं ते "हिराबाई."

"व्हय, ताई," ती म्हणाली.

"मला ताई नको म्हणूस."

"मग काय म्हनू?"

"आधी काय म्हणायचीस?"

तिनं आधी आईकडे बघितलं, परवानगी मागितल्यासारखं. आईनं मान हलवली. "बाळे," हिराबाई म्हणाली. तिनं तो शब्द इतका हळू उच्चारला की शेजारच्या खाटेवरच्या बाईलाही ऐकू गेला नसेल. मग पुन्हा म्हणाली, थोडा मोठ्यानं, आणि पदराआड खोकत खोकत हसली.

थोड्या वेळानं मी तिला विचारलं, "आई कशी होती?" विचारून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की आई तिथंच बसलीय. आई उठली, डबा उचलला आणि म्हणाली, "भात गार झालाय. कुठं गरम करून मिळतो का बघते." अण्णांना आणि महादूलाही ती घेऊन गेली. परत यायला तिनं पुष्कळ वेळ लावला.

हिराबाई सांगत होती. आमची आई बुटकी होती, खूप बोलकी. भात लावणीला सगळ्या बायांत तिचा आवाज वरचढ. ओढ्याला पाणी आलं की लुगड्याचा ओचा पसरून मासे धरायची आणि बापानं हटकलं की मासे त्याच्याच अंगावर फेकायची. दारात फणस होता, त्याच्या गऱ्यांची भाजी तिला फार आवडायची. गाव उठलं त्या दिवशी ती रडली नाही, त्या फणसाला मिठी मारून मात्र उभी राहिली. तेव्हा मी तिच्या पोटात होते. "तिचा फटू न्हाई," हिराबाई म्हणाली. "महाद्या तवा बारका व्हता, त्याला कायच धेनात न्हाई. आता निस्ती माझ्या धेनात हाय ती. म्या गेल्यावर कुनाच्या धेनात ऱ्हानार? म्हून तू ऐकून ठिव."

मी ऐकून ठेवलं. त्या सुट्टीतल्या प्रत्येक रविवारी, आणि पुढे कॉलेज सुरू झाल्यावरही, मी तळेगावला गेले. कधी अण्णा बरोबर असायचे, बहुतेकदा आई. आईला त्या रोगाची भीती राहिली नाही. डॉक्टरांनी हटकलं तरी ती खाटेवर बसून हिराबाईचे केस विंचरायची, भात कालवून भरवायची. हिराबाईला मूलबाळ नव्हतं, सासरचं माणूस महिन्यात एखाद्या वेळी येऊन उभ्याउभ्या जायचं. आई एकदा तिला म्हणाली, "बरी झालीस की तिकडं जायचं नाही. आपल्या घरी यायचं." हिराबाई म्हणाली, "जागा कुठं हाय मावशी? दोन तर खोल्या." आई म्हणाली, "ओट्याला पत्रे मारून घेऊ." मला वाटलं आजारी माणसाला धीर द्यायला बोलतात तसं बोलतेय. पण अण्णांनी पुढच्या सुट्टीच्या दिवशी खरोखरच पत्रे आणले, महादूला मदतीला घेतलं आणि ओटा तिन्ही बाजूंनी बंद करून त्याची खोली केली. आईनं ती शेणानं सारवली, बाज आत घेतली, त्यावर नवी वाकळ घातली. हिराबाईला हे सगळं सांगितलं तेव्हा तिनं दार कुठल्या अंगाला ठेवलं ते विचारलं, खिडकी आहे का विचारलं. खिडकीतून काय दिसतं हेही विचारलं. मी सांगितलं, नळ दिसतो.

ती श्रावणात गेली. महादू अण्णांच्या कंपनीच्या दारावर निरोप घेऊन आला. तोवर सासरच्यांनी तिला गावी नेलं होतं. आम्ही पोहोचलो तेव्हा बाया अंगणात बसल्या होत्या. मी कुणाच्या ओळखीची नव्हते. एक म्हातारी म्हणाली, "ही कुनाची पोर?" महादू म्हणाला, "माझी धाकली भन." म्हातारी म्हणाली, "हिरेला भन कवा व्हती?" आणि महादू तिला काहीच न सांगता मला हाताला धरून आत घेऊन गेला. मी हिराबाईच्या पायांना हात लावला. तेव्हा मी तिला अक्का म्हटलं.

ते घर, ते अंगण आता नाही. तिथं एका कंपनीची मोठी शेड आहे आणि रस्त्याला कंटेनर रांगेनं उभे असतात. महादूदादा आता इथून जवळच, माण गावी लेकाकडे असतो. गुडघ्यांनी हैराण झालाय, तरी दर भाऊबीजेला येतो. तो आला की मी त्याला आपल्या आईच्या गोष्टी सांगते. माशांची, फणसाची. तो तिचा मुलगा, तिच्या हातचं जेवलेला, आणि मी पंधरा दिवसांची असताना तिला मुकलेली, तरी सांगणारी मी आणि ऐकणारा तो. दर वेळी तो म्हणतो, "आन मग?" मी पुन्हा पहिल्यापासून सांगते, कारण पुढचं मलाही माहीत नाही.

गावाहून परतल्यावर आईनं देवांपुढे दिवा लावला नाही. दत्तक दिलेल्या मुलीला जन्मघरचं सुतक पाळायचं नसतं, आणि आईचा तर हिराबाईशी रक्ताचा कसलाच संबंध नव्हता. हे सगळं तिला माझ्याहून जास्त कळत होतं, सोवळ्या-ओवळ्याची ती पक्की होती. तरी तिनं देव झाकून ठेवले, कशालाच फोडणी घातली नाही, आणि अण्णांनाही दाढी करू दिली नाही. श्रावणातला शुक्रवार आला. शांताकाकू कुंकवाचा करंडा घेऊन दारात आल्या आणि म्हणाल्या, "संध्याकाळी हळदीकुंकवाला या बरं का."

"नाही येता यायचं," आई म्हणाली. "सुतक आहे."

"अगंबाई. कोण गेलं? गावाकडचं का कुणी?"

मी आत भाकरी थापत होते. माझे हात थांबले. इतकी वर्षं जे झाकून ठेवण्यासाठी तिनं घर बदललं, माझ्याकडे बघणाऱ्या बायांना टाळलं, ते आता ती काय सांगून निभावणार, याचा मी विचार करत होते. लातूरची एखादी मावशी, एखादी चुलत सासू सहज सांगता आली असती.

"माझी थोरली गेली," आई म्हणाली.

शांताकाकूंना काही कळेना. त्यांनी आत माझ्याकडे बघितलं, पुन्हा आईकडे बघितलं. "थोरली? पण तुम्हाला तर ही एकच..."

"दोघी होत्या," आई म्हणाली, आणि तिथंच उंबऱ्यात खाली बसली. शांताकाकूंनी करंडा पदराआड केला. मग पुढे काही न विचारता त्याही तिच्याशेजारी बसल्या.